वज्रेश्वरीच्या बाजारात इंग्रजीची बोहनी

भिवंडीला फिरायला जाऊन आलेली आमच्या गल्लीतली मी पहिली बाई. माझं वर्णन ऐकून दुसरी कोणी जाईल असं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. कराडहून निघताना शेजारणींनी विचारलं, "तिकडं बघायला काय आहे हो?" मी म्हटलं, "भाची आहे." त्या एकमेकींकडे बघून हसल्या. गेल्या वर्षी त्यांच्यातली एक उटीला जाऊन आली होती, त्यामुळे माझी बाजू आधीच पडती होती.

भाची म्हणजे मनीषा, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लग्न करून भिवंडीला गेली, नवरा यंत्रमागाचे सुटे भाग विकतो. तेव्हा ठाण्या-कल्याणकडे मॉल नावाची प्रकरणं नुकतीच उगवायला लागली होती आणि तिथं कामाला लागायचं तर थोडं इंग्रजी हवं, असं सगळीकडे झालं होतं. मनीषानं औषधांच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेऊन 'दुकानातलं इंग्रजी' असा वर्ग काढला. सबंध इंग्रजी नाही, फक्त दुकानातलं. ती फोनवर म्हणायची, "मावशी, एकदा येऊन बघ तरी." मी शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि गेले.

भिवंडी

पहिल्या दिवशी सकाळी मला वाटलं, शेजारी कोणी बाई शिवणाचं मशीन चालवतेय. माझा चहा झाला, आंघोळ झाली, तरी बाईचं शिवण संपेना. मी विचारलं, "अगं, एवढं काय शिवतेय ती?" मनीषा म्हणाली, "मावशी, ते माग आहेत. ते असेच चालणार." दुपारी कधीतरी वीज गेली, आवाज थांबला, आणि मी घाबरून गॅलरीत आले. इतक्या लवकर सवय झाली होती.

इथली माणसं वाक्य मराठीत सुरू करतात, हिंदीत वळवतात आणि शिफ्ट किंवा ड्युटी अशा शब्दावर आणून उभं करतात. भाजीवालीनं मला विचारलं, "मावशी, मेथी देऊ का, एकदम ताजा माल है." आमच्याकडे मेथीला कोणी माल म्हणत नाही. पण मेथी ताजी होती, ते कबूल केलं पाहिजे. संध्याकाळी जावईबापूंनी बाजारातून बिर्याणी आणली. ती मी दोनदा वाढून घेतली आणि घरी परतल्यावर एकदाच घेतली असं सांगितलं.

वर्गात मला मागच्या बाकावर जागा मिळाली. पुढे एक टेबल म्हणजे दुकान. त्यावर मनीषाच्या घरचा टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली आणि मिक्सरचं भांडं, म्हणजे माल. एकानं दुकानदार व्हायचं, दुसऱ्यानं गिऱ्हाईक. "मे आय हेल्प यू?" "हाऊ मच इज धिस?" "डू यू हॅव अ बिगर साइज?" मिक्सरच्या भांड्याला मोठी साइज मागणारी एक बाई होती, आणि दुकानदारानं तिला "ट्रायल रूम इज धिस साइड" असं सांगितलं. मनीषा शांतपणे म्हणाली, "गुड. नेक्स्ट."

विद्यार्थ्यांत सगळ्यांत वडीलधारे इक्बालभाई. त्यांचं चादरींचं दुकान आहे आणि नव्या इमारतींतली गिऱ्हाइकं इंग्रजीत बोलतात म्हणून ते शिकायला आले होते. त्यांना 'फिक्स्ड प्राइस' हे वाक्य काही केल्या जमेना. म्हणजे म्हणायचे स्पष्ट. "मॅडम, फिक्स्ड प्राइस." पण समोरचं गिऱ्हाईक जरा हिरमुसलं की लगेच, "पर आपके लिए कर देंगे कुछ." मनीषा म्हणाली, "इक्बालभाई, नो हिंदी." इक्बालभाई म्हणाले, "सॉरी. फॉर यू, लेस."

आणि एक होती रंजना. पंचविशीची, सडपातळ, भिवंडीजवळच्या वळ गावची सून. ती टेबलावरच्या तेलाच्या बाटलीशी बोलल्यासारखी बोलायची, पण तिचं एक अक्षर चुकत नव्हतं. वळला गोदामात ती पॅकिंगचं काम करत होती. येत्या सोमवारी ठाण्याच्या एका नव्या मोठ्या दुकानात तिची मुलाखत होती, विक्रीच्या कामासाठी. मनीषा मला म्हणाली, "मावशी, माझ्या वर्गातली पहिली मुलाखत आहे ही. आणि तिची सासू नाही म्हणतेय."

वळ

म्हणून शनिवारी आम्ही वळला सासूला भेटायला गेलो. वळ हे गाव आहे असं मला सांगण्यात आलं होतं. मला गोदामंच दिसली. खिडकी नसलेली, पत्र्याची, एकाला लागून एक. मध्येच एक देऊळ, एक आंब्याचं झाड, आणि चारपाच घरं, जणू गोदामांनीच त्यांना जरा सरकून जागा दिलेली. साबणापासून टीव्हीपर्यंत सगळं इथं येऊन पडतं आणि इथून जातं. कराडला आमच्या दुकानात जे मिळतं, ते आधी इथं मुक्काम करून आलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं.

सासूबाईंचं नाव हिराबाई. घरची जमीन फार आधी, भाव यायच्या आत विकून मोकळे झालेले, त्यामुळे गोदामं दुसऱ्यांची. मुलगा, म्हणजे रंजनाचा नवरा, टेम्पो चालवतो. हिराबाईंना वडिलांकडून वज्रेश्वरीच्या देवळाखाली एक छोटं दुकान मिळालेलं. नारळ, ओटी, हार, हळदकुंकू, बांगड्या. रोज पहिली एस्टी धरून त्या तिथं जातात. बाई ताठ, आवाज खणखणीत. चहा समोर ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला.

"तुमची मॅडम चांगली हाय," त्या मनीषासमोरच मला म्हणाल्या. "पन हिला मी सहा वर्सं बघते. ही माझ्याशी चार शब्द बोलत न्हाय. ही दुकानात काय बोलनार?"

"काकी, बोलते ती," मनीषा म्हणाली.

"मंग मना ऐकू दे. उद्या रविवार हाय. सगळी पोरं घेऊन या वज्रेश्वरीला. माझ्या दुकानात हिला बोलू दे. मना पटलं तर सोमवारी जाईल. न्हाय पटलं तर गोदाम हायच."

रंजना दारात उभी होती. तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. निघताना ती मला हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही उद्या याल ना?" मी काय मोठी कोण लागून गेले होते, पण मी हो म्हटलं, आणि रात्रभर मलाच मुलाखत असल्यासारखं झालं.

वज्रेश्वरी

मनीषाला या आमंत्रणात एक कल्पना सुचली. सगळ्या वर्गालाच खऱ्या बाजारात सराव होईल! तिनं नियम केला की वज्रेश्वरीला उतरल्यापासून मराठी आणि हिंदी बंद. जो बोलेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. मला वयामुळे सूट होती. बाकीचा बेतही ती उतरल्यावर इंग्रजीतच सांगणार होती. पहिली फेरी सरावाची. एकेकानं एकेका दुकानात जायचं, गुड मॉर्निंग म्हणायचं, वस्तू बघायची, किंमत विचारायची, "आय ॲम जस्ट लुकिंग, थँक यू" म्हणायचं आणि बाहेर यायचं. मग दर्शन. मग दुसरी फेरी, खरेदीची. कागदावर अगदी निर्दोष बेत होता.

आम्ही इतक्या सकाळी पोचलो की बाजार नुकता उघडत होता. कोणी दारात पाणी शिंपडत होतं, कोणी गल्ल्याला उदबत्ती ओवाळत होतं. देऊळ वर, किल्ल्यासारखं दगडी, भरपूर पायऱ्या. खाली दुकानांची रांग. हिराबाई नवी साडी नेसून दुकानात बसल्या होत्या आणि शेजारच्या दोन दुकानदारणींना त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "माझी सून इंग्लिस बोलनार हाय," असं त्या सांगत होत्या. काल नाही म्हणणारी बाई ती हीच का, असा मला प्रश्न पडला. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बाकडं धरून बसले, तिथून सगळं दिसत होतं. मनीषा दर्शनाची रांग बघायला वर गेली.

विद्यार्थी दुकानांत शिरले. रंजना हिराबाईंच्या दुकानासमोर उभी राहिली. एक क्षण मला वाटलं, ही आता पळून जाणार. पण ती पुढे झाली, मान वर केली, आणि काय सांगू तुम्हाला, घंटेसारखा स्वच्छ आवाज निघाला!

"गुड मॉर्निंग. व्हॉट इज द प्राइस ऑफ धिस कोकोनट?"

हिराबाईंनी कौतुकानं शेजारणींकडे पाहिलं आणि किंमत सांगितली.

"इट इज व्हेरी नाइस," रंजना म्हणाली. "आय ॲम जस्ट लुकिंग. थँक यू. हॅव अ नाइस डे."

आणि नारळ जागेवर ठेवून ती दुकानाबाहेर आली.

मी टपरीवरून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कोणी वाजवल्या नाहीत. हिराबाईंचा चेहरा बघून माझे हात आपोआप थांबले. तेवढ्यात डावीकडच्या दुकानातून "थँक यू" ऐकू आलं, मग उजवीकडच्या, मग पलीकडच्या खेळण्यांच्या. रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक दुकानातून सकाळचं पहिलं गिऱ्हाईक हसतमुखानं, काही न घेता, बाहेर पडत होतं.

आमच्याकडे भवानी म्हणतात, इथं बोहनी. शब्द कुठलाही घ्या, पहिलं गिऱ्हाईक रिकामं गेलं की दुकानदाराचा दिवस गेला. त्याला वाटेल त्या भावात द्यावं, पण सोडू नये. हे मला ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक आहे, शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आणि आमच्या माणसांनी एका फेरीत अख्ख्या बाजाराची भवानी बुडवली होती. अगं बाई, माझा चहा बाकड्यावर तसाच राहिला.

मग गलका झाला. हारवाला ओरडत आला, बांगडीवाली कपाळाला हात लावून बसली, खेळणीवाल्यानं विचारलं की तुम्ही माणसं आहात की कोण. आमचे विद्यार्थी रस्त्याच्या मधोमध घोळका करून उभे, आणि तोंडातून कोणाच्या शब्द नाही. कारण नियम. मराठी-हिंदी बंद. मनीषा धावत खाली आली. "व्हॉट हॅपन्ड?"

इक्बालभाई पुढे झाले. "मॅडम," ते म्हणाले. "मॉर्निंग. फर्स्ट कस्टमर. गो." त्यांना घाम फुटला होता. "नो बाय. व्हेरी... व्हेरी बॅड." मग त्यांचा धीर सुटला. "मॅडम, सब को चाय मैं पिलाऊंगा, लेकिन सब की बोहनी बिगड़ गई है!"

मनीषानं कपाळाला हात लावला. "अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"सोच रहा था ना," इक्बालभाई म्हणाले. "अंदर जाने से पहले ही मालूम था. बोहनी को इंग्लिश में क्या बोलते, वही नहीं सूझा."

नंतर एकेकाला विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना सांगायचं होतं. कोणालाच इंग्रजीत सांगता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी शिस्तीनं ते करून टाकलं. एवढी आज्ञाधारक मुलं मी सबंध नोकरीत पाहिली नाहीत.

हिराबाई दुकानातून उठल्या नाहीत. त्यांनी रंजनाला फक्त विचारलं, "तुला बी कळलं न्हाय?"

"कळलं," रंजना म्हणाली. "मॅडमनी मराठीत बोलायचं न्हाय सांगितलेलं."

मनीषा दुकानादुकानात माफी मागत फिरली. विद्यार्थ्यांनी नारळ घेतले, हार घेतले, इक्बालभाईंनी मुलीसाठी बांगड्या घेतल्या आणि भाव न करता घेतल्या, त्यांच्या दृष्टीनं ही शिक्षाच होती. पण हिराबाईंनी आमच्याकडून काही घेतलं नाही. "आता घेऊन काय उपेग," त्या म्हणाल्या. "पहिलं गेलं ना."

जवळच अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. मी मनीषाला तिकडे नेलं, कारण तिला रडू येत होतं आणि बाजारात रडणं बरं दिसलं नसतं. पाणी खरोखर गरम आहे, गंधकाचा वास येतो, आणि पाय घातला की पहिल्यांदा वाटतं गेला पाय, मग वाटतं राहू दे. आमच्या कराडला नद्यांच्या संगमावर असलं काही नाही. मनीषा पायरीवर बसून मुसमुसत होती. "रंजनाचं वाटोळं केलं मी," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, "चहा यायला लागेल तेवढा वेळ रड, मग परत जाऊ." इतकी चांगली बोलली होती पोरगी.

आम्ही परतलो तेव्हा बाजार गच्च भरला होता. रविवारच तो. धंदा रोजच्यासारखाच चालू होता, पण तसं कोणी मान्य करत नव्हतं. हिराबाईंचा एक नारळ नासका निघाला, तो आमच्यामुळे. शेजारच्या दुकानाची पाटी वाऱ्यानं पडली, तीही आमच्यामुळे. एका गिऱ्हाइकाची चप्पल तुटली. त्यानंही आमच्याकडे पाहिलं.

दुपारी हिराबाईंनी आम्हाला दुकानामागच्या पडवीत जेवायला बसवलं. आमच्याकडे घरधनीण रागावली की चूल थंड पडते. इथं तसं नाही. बाई बोलतही होत्या आणि वाढतही होत्या. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. "घ्या," असं त्या अशा आवाजात म्हणायच्या की नको म्हणायची कोणाची छाती नव्हती. भाकरी पांढरीशुभ्र आणि इतकी मऊ, की आमची ज्वारीची भाकरी मी क्षणभर विसरले.

"मना एक सांगा ताई," हिराबाई मला म्हणाल्या. "काय न घेता जानाऱ्याला थँक्यू म्हनायचं. वर परत या म्हनायचं. हे कसलं दुकान? माझ्या दुकानातनं कोन रिकामं गेलं ना, तर मी मीठ-मिरच्या ओवाळून टाकते. आनि माझ्या सुनेनं दिवसभर उभं राहून फुकट्यांना थँक्यू म्हनायचं? न्हाय जायचं. गोदाम बरं."

मनीषा काही बोलणार, तेवढ्यात रंजनानं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"आई," ती म्हणाली, "गोदामात मी सकाळपासून खोक्यांना चिठ्ठ्या लावते. आत काय हाय ते मना दिसत न्हाय. कोनाकडे जानार ते ठावं न्हाय. इतकी वर्सं झाली, एका मानसानं येऊन मना विचारलं न्हाय की हे कितीला. तुमी इथं दिवसभर मानसांशी बोलता, भांडता, हसता. घरी येऊन मना सांगता, आज अशी बाई आली, आज तसा मानूस आला. मी काय सांगू? म्हनून मी बोलत न्हाय. बघून गेले तर जाऊ देत, आई. समोर कोन येईल तरी."

इक्बालभाई ताटात बघत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी सुकटीच्या तिखटावर ढकललं.

हिराबाईंनी रंजनाच्या ताटात आणखी बिरडं वाढलं. "उद्या जा," त्या म्हणाल्या. "मना पटलेलं न्हाय. पन जा."

पुन्हा वळ

सोमवारी संध्याकाळी मी आणि मनीषा वळला गेलो. मंगळवारी मला परतायचं होतं आणि निकाल कळल्याशिवाय मी गाडीत बसणार नव्हते. रंजना ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मुलाखतीची साडी बदललेली नव्हती.

"लागली नोकरी," ती म्हणाली.

मनीषानं तिला मिठीच मारली. रंजना सुपाकडे बघत म्हणाली, "मॅडम, मागे. स्टॉकरूममध्ये. त्यांनी अर्जावर वाचलं की गोदामात काम केलंय. म्हणाले, तुम्हाला अनुभव आहे, तुम्ही माल लावायचं काम करा. इंग्रजीचं काही विचारलंच नाही."

मला असा राग आला! त्या माणसाला समोर बसवून आमच्या रंजनाकडून नारळाची किंमत विचारून घ्यावी, असं वाटलं. तेवढ्यात हिराबाई वज्रेश्वरीच्या एस्टीनं आल्या. पिशवी खाली ठेवली, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि सुनेकडून सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे परत खोकी?"

"हो."

"समोर कोन येनार न्हाय?"

"न्हाय."

"मंग न्हाय जायचं," हिराबाई म्हणाल्या. आवाज कालचाच, पण राग आता दुसरीकडे होता. "खोक्यांशी बोलायला का इंग्लिस शिकली माझी सून? सोताला समजतात कोन ते?" त्यांनी माठातलं पाणी घेतलं, प्यायल्या, तांब्या हातातच धरला. "उद्यापासनं पहिली एस्टी तू धर. दुकान तू उघड. गल्ला तुझा. मी दुपारी येत जाईन."

रंजना उठून उभी राहिली. सुपातले तांदूळ सांडले, ते कोणी उचलले नाहीत. मला वाटलं, ही आता पाया पडणार. पण पोरीनं वेगळंच काढलं.

"आई, कोन नुसतं बघून गेलं तर मी मीठ-मिरच्या ओवाळनार न्हाय."

हिराबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "थँक्यू म्हनशील?"

"म्हनेन."

"परत या बी म्हनशील?"

"ते बी."

हिराबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"पहिल्या गिऱ्हाइकाशी मराठीत बोल," त्या म्हणाल्या. "त्याला घेतल्याबिगर सोडू नको. मंग दिवसभर काय ते थँक्यू म्हन."